एक थांबा आधी

आमच्या शाळेत मार्चअखेरीस निरोप समारंभ होतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला नारळ, गुलाबाचे फूल आणि शाळेचे नाव कोरलेला स्टीलचा डबा दिला जातो, त्याच्या आवडीचे गाणे लावून सगळे नाचतात, आई पदराने डोळे टिपते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता तोच विद्यार्थी गणवेश घालून, दप्तर पाठीला अडकवून, रिक्षाची वाट पाहत दारात उभा राहतो. अशाच एका सकाळी मला एका आईचा फोन आला होता. "ताई, रिक्षा निघून गेली तरी हा पायरीवरून उठत नाहीये. काय सांगू त्याला?" मी तेव्हा नोकरीत नवी होते. "सुट्टी लागली म्हणून सांगा," असे मी म्हणाले. ते खोटे होते, कारण ती सुट्टी संपणार नव्हती.

त्या आई मला साधारण दोन वर्षांनी रविवार कारंजावर भाजी घेताना भेटल्या. मुलगा घरीच होता. त्याचे वजन खूप वाढले होते, दुपारभर टीव्ही आणि रात्रभर जाग असे त्याचे चक्र झाले होते, आणि शाळेत असताना जो स्वतःचे ताट स्वतः घासून ठेवत असे, तो आता जेवणही हातात दिल्याशिवाय करत नव्हता. बाई तक्रार करत नव्हत्या. त्या केवळ हकिगत सांगत होत्या आणि मध्येच मेथीची जुडी निवडून पिशवीत टाकत होत्या. घरी आल्यावर मी त्या विद्यार्थ्याच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. वयाच्या सतराव्या वर्षी मी त्याला रंगांप्रमाणे मणी वेगळे करायला शिकवत होते. लाल मणी लाल वाटीत, पिवळे पिवळ्या वाटीत. नोंदवहीत त्यापुढे सुबक अक्षरात 'प्रगती समाधानकारक' असे लिहिले होते, आणि अक्षर माझेच होते.

मी विशेष शिक्षिका आहे. नाशिकमध्ये बावीस वर्षे हे काम करते, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे पूर्वव्यावसायिक वर्गावर आहे, म्हणजे साधारण पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांबरोबर. कोणाला बौद्धिक दिव्यांगता असते, कोणी स्वमग्न असतो, कोणाला सेरेब्रल पाल्सी किंवा डाऊन सिंड्रोम असतो, आणि अनेकांच्या बाबतीत एकात एक गुंतलेल्या दोन-तीन अडचणी असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हा हक्क मोठा आहे आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. मात्र इतर घरांत अठरावे वर्ष म्हणजे बारावी, सीईटी, कोणते कॉलेज, कोणती गाडी असा गजबजाट असतो, तर आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात त्या वर्षी एकदम शांतता पसरते.

नाशिकला या शांततेची ओळख फार जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये 'प्रबोधिनी' सुरू केली, तेव्हा अशा मुलांसाठी शाळा असते हेच गावात अनेकांना ठाऊक नव्हते. पुढे तिथे मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांसाठी संरक्षित कार्यशाळा, म्हणजे देखरेखीखाली काम करण्याची जागाही उभी राहिली. शाळा संपल्यावर काय, हा प्रश्न शाळा काढणाऱ्यालाच सर्वांत आधी गाठतो. पण कार्यशाळांतल्या जागा मोजक्याच असतात, आणि खरे सांगायचे तर जागा मिळाली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. कारण शाळेतून कार्यशाळेत जाणे हे केवळ इमारत बदलणे असेल, तर तो विद्यार्थी तिथेही विद्यार्थीच राहतो. मी तीस-पस्तीस वर्षांचे, दाढी पांढरी होऊ लागलेले पुरुष पाहिले आहेत, ज्यांना सगळे 'बाळा' म्हणतात. आमच्याकडे आम्ही काहीजणींनी ठरवले आहे की सोळा वर्षांनंतर कोणालाही बाळा म्हणायचे नाही. हे लिहायला सोपे आहे. माझ्या तोंडून तो शब्द अजूनही निसटतो. 'देवाघरचे लेकरू' हा शब्दप्रयोगही मला आता सहन होत नाही. तो प्रेमाने उच्चारला जातो, यात शंका नाही, परंतु देवाघरचे लेकरू कधी मोठे होत नाही आणि त्याला कोणी कधी पगार देत नाही.

पालकसभेत पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, "आमच्या पश्चात याचं काय होणार?" हा प्रश्न खरा आहे आणि रात्रीची झोप उडवणारा आहे. परंतु बावीस वर्षांत माझे मत हळूहळू असे झाले आहे की 'आमच्या पश्चात' या दोन शब्दांच्या भयाने 'आमच्या देखत' काय व्हायला हवे याचा विचारच मागे पडतो. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच, ज्या घरात तो राहतो त्या घरातली कोणती कामे त्याची, कोणते निर्णय त्याचे, हे ठरायला हवे. शाळेने तर ते त्याहून आधी ठरवायला हवे. आम्ही वापरतो त्या, बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या कार्यात्मक मूल्यमापन सूचीत पूर्वप्राथमिकपासून पूर्वव्यावसायिकपर्यंत गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक कौशल्यापुढे खूण करायची असते. स्वतः केले तर अधिक, तोंडी सांगावे लागले किंवा हात धरून करवून घ्यावे लागले तर त्याच्या वेगळ्या खुणा, आणि जमले नाही तर उणे. पद्धत चांगली आहे, मी तिच्याच आधाराने शिकले. पण 'नको म्हणता येते' असा रकाना मी स्वतः कधी आखला नव्हता. दोष सूचीचा नव्हता, माझ्या दृष्टीचा होता.

माझ्या वर्गात वर्षानुवर्षे गुणी कोण ठरत असे? सांगितले की उठणारा, सांगितले की बसणारा, कोणी हात पुढे केला की हात देणारा, समोर ठेवले ते खाणारा. आम्ही हेच शिकवले, कारण तीस मुलांची शाळेची सहल त्याशिवाय पार पडत नाही. आणि मग एके दिवशी लक्षात येते की हाच गुणी तरुण कोणाबरोबरही, कुठेही जाईल. त्याच्या खात्यावरचे पैसे काढायला कोणी अंगठा मागितला तर तो देईल, कोणी अंगाला नको तिथे हात लावला तर ओरडणार नाही, कारण नकार देण्याचा सराव त्याला आयुष्यात एकदाही मिळालेला नाही. आज्ञाधारकपणा ही मुलांमध्ये आपल्याला आवडणारी गोष्ट आहे, पण प्रौढ माणसाला ती एकटीच शिदोरी म्हणून देता येत नाही.

म्हणून आम्ही 'नको'पासून सुरुवात केली. एक विद्यार्थिनी अजिबात बोलत नसे. तिच्या गळ्यातल्या दोरीला चित्रांची कार्डे होती, त्यांत पाणी, भूक, शौचालय, थकवा अशी सगळी चित्रे होती, फक्त नकाराचे नव्हते. आम्ही लाल फुली असलेले एक कार्ड तिच्या दोरीत ओवले आणि ते दाखवले की समोरची गोष्ट खरोखर मागे घ्यायची, मग ती कितीही आवश्यक असो, असा नियम केला. दोन दिवसांत तिने ते कार्ड उपमा, केसांचा चाप, चित्रकलेचा तास आणि माझे डोक्यावरून हात फिरवणे या सगळ्यांना दाखवले. शेवटचे मला लागले. आठवडाभराने तिच्या आई म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिला उलटून बोलायला शिकवलंत." जन्मापासून एक शब्द न बोललेल्या मुलीविषयी हे वाक्य होते. त्या बोलता बोलता थांबल्या, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट दाराची. सतरा वर्षांच्या मुलाला आई अंघोळ घालते, यात आईचा दोष नाही. पाच वर्षांचा असताना घालत होती, मधे थांबण्याचा दिवस कोणी ठरवून दिला नाही. एका घरी गेले तेव्हा न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकलेली दिसली. मुलगा आत अडकेल या भीतीने ती काढली होती आणि भीती खोटी नव्हती, तो एकदा अडकलाही होता. आम्ही बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी कडी बसवून घेतली आणि त्याला एकच गोष्ट शिकवली, कपडे काढायचे असतील तर आधी दार लावायचे. वयात येणे, पाळी, स्वतःच्या शरीराला स्पर्श, दुसऱ्याच्या शरीरापासून अंतर हे सगळे शिकवायला आमच्याकडे चित्रे आहेत, बाहुल्या आहेत, पण मला वाटते की हे सारे शिक्षण त्या लावलेल्या दारापासून सुरू होते. ज्याला स्वतःचे खासगीपण कधी मिळालेच नाही, त्याला दुसऱ्याचे खासगीपण कसे समजावून सांगणार?

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते, कारण ते सांगणारे कोणी भेटत नाही म्हणून घरे अडतात. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात, आणि पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकेपासून मालमत्तेच्या व्यवहारापर्यंत उपयोगी पडते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे राष्ट्रीय ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढावे. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद असते, आणि त्यासाठी त्याचे नाव आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवावे. पुढे भावंडांना धावपळ करावी लागते ती बहुधा याच एका कागदासाठी.

मात्र पालकत्वाच्या अर्जाविषयी मला एक आग्रहाने सांगायचे आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे असे मानले आहे, आणि पालकाची गरज पडलीच तर 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना पुढे ठेवली आहे. म्हणजे विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून चालणारे पालकत्व. अर्जावर सही करताना ज्याच्याविषयी अर्ज आहे तो तरुण किंवा ती तरुणी शेजारच्या खुर्चीवर असावी. तिला सगळे समजेल असे नाही. "आजपासून बँकेत मी तुझ्याबरोबर येईन, पैसे तुझे आहेत," एवढे समजले तरी ते सांगायला हवे.

कामाचे म्हणाल तर सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे, आणि त्यांतला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांचा मिळून आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेकांपर्यंत तो पोहोचत नाही. त्यांची कामे लहान जागांत सापडतात. नात्यातल्या मामांचे किराणा दुकान, रोपवाटिका, झेरॉक्सचे दुकान, इस्त्रीवाले, आणि नाशिकची म्हणून जी ओळख आहे त्या चिवड्याचे पाकीट भरणारे घरगुती कारखाने. मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे, जिथे बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगता असलेले तरुण ऑर्डर घेतात, पदार्थ बनवतात, वाढतात. असे काही आपल्या कॉलेज रोडवर व्हावे असे मला फार वाटते. पण तोवर पंचवटीतल्या चिवड्याच्या पाकिटांवर माझा विश्वास आहे.

तिथे एका विद्यार्थ्याला आम्ही दोनशे ग्रॅमची पाकिटे भरायला शिकवले. त्याला वीसच्या पुढे मोजता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या शेजारी आम्ही '२००' हा आकडा मोठ्या अक्षरांत छापून चिकटवला, काट्यावर दिसतो तसाच, आणि त्याने फक्त चित्र चित्राशी जुळवायचे होते. काट्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असल्याने मी आधी चिकटवलेला मराठी आकडा त्याला जुळेना, ही चूक माझ्या लक्षात यायला एक आख्खा दिवस गेला. आकडा बदलल्यावर तो चमच्याने एक-एक शेंगदाणा काढून-घालून इतके अचूक वजन करू लागला की मालकीणबाईंनी बाकीच्यांना त्याचा काटा दाखवला. महिना संपला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्याचा वेळ चांगला जातो ना ताई, पैशांचं काय एवढं?" त्या मनाने वाईट नाहीत, त्यांनी दार उघडले होते. तरीही मी त्या दिवशी अडून बसले. शेजारच्या बायकांना पाकिटामागे जो दर मिळतो, तोच दर त्याला मिळायला हवा, आणि तो त्याच्या हातात मिळायला हवा, आईच्या नव्हे. तसे ठरले.

याच विद्यार्थ्याला एकट्याने बसने घरी जायला शिकवण्याची हकिगत मला सांगायची होती, आणि तिथवर यायला एवढा वेळ लागला.

तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. शाळा पंचवटीत, घर नाशिकरोडला दत्त मंदिराजवळ. निमाणीवरून सिटीलिंकची बस, द्वारका ओलांडून पुणे रस्त्याने गांधीनगर, उपनगर आणि मग दत्त मंदिर. आम्ही या प्रवासाचे तेवीस टप्पे पाडले. असे टप्पे पाडल्यावर पुष्कळदा शेवटच्या टप्प्यापासून शिकवतात, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. म्हणून पहिले दोन आठवडे सगळे मी केले आणि त्याने फक्त थांब्यापासून घरापर्यंतचे चालणे केले. मग उतरणे त्याचे झाले, मग उतरण्याआधी दाराशी जाणे, मग कंडक्टरकाकांना घराच्या थांब्याचे नाव असलेले कार्ड दाखवून तिकीट घेणे. बसची पाटी ओळखण्यापाशी आम्ही महिनाभर अडकलो, कारण मी 'नाशिकरोड' हा शब्द कार्डावर शिकवला होता आणि बसवरची अक्षरे प्रकाशाची असतात व सरकतात. शेवटी फोनवर त्या पाटीचे चित्रीकरण करून तेच दाखवत राहिलो. पुढे मी त्याच्या मागे दोन आसने सोडून बसू लागले, मग बसच्या मागे माझी स्कूटर, आणि मार्चच्या सुरुवातीला मी दत्त मंदिराच्या थांब्यावर केवळ त्याची वाट पाहत उभी राहू लागले.

पहिल्या दिवशी तो बसमधून उतरला नाही. बस गेली, माझ्या पोटात गोळा आला. पंधरा-वीस मिनिटांनी तो उपनगरच्या बाजूने पदपथावरून चालत आला, घामाघूम आणि शांत. एक थांबा आधी उतरला होता. मी नोंदवहीत 'उतरणे' या टप्प्यापुढे उणे अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. आम्ही पुन्हा मागे गेलो, उतरण्याच्या खुणा बदलल्या, थांब्यांचे फोटो मोठे करून दाखवले. वर्गात तो अचूक बोट ठेवत असे, हा उपनगर, हा दत्त मंदिर, आणि बसमध्ये पुन्हा उपनगरलाच उतरत असे. अकरा दिवस मी उणे लिहिले. बाराव्या दिवशी वाट न पाहता मी उपनगरच्या थांब्याजवळ, पानाच्या टपरीआड उभी राहिले.

तो उतरला, रस्ता पाहून डावीकडे वळला आणि थोड्या अंतरावरच्या रसवंतीसमोर जाऊन थांबला. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. तो रस मागत नव्हता, त्याच्याकडे पैसेही नव्हते. डोके किंचित कलते ठेवून, डोळे अर्धे मिटून तो ऐकत होता. रसवाल्या दादांना त्याची सवय झालेली दिसली, कारण गिऱ्हाईक नसतानाही त्यांनी एकदा चरक तसाच फिरवला. सहा-सात मिनिटांनी तो वळला आणि पाठीवरची पिशवी नीट करून घराकडे चालू लागला. मी त्याच्या मागे गेले नाही.

संध्याकाळी मी त्याच्या आईंना फोन करून सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "लहानपणी पाळण्याला घुंगरू बांधले होते त्याच्या. तो रडला की मी हलवायचे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याच्या खिशात वीस रुपये ठेवायला सुरुवात केली. मी नोंदवहीतल्या त्या अकरा खुणा खोडल्या नाहीत, समोरच्या रिकाम्या जागेत तारीख घालून जे पाहिले ते लिहून ठेवले.

जूनमध्ये पाऊस लागला. रसवंतीवाल्याने चरकावर ताडपत्री टाकली आणि तो गावी गेला. त्याच आठवड्यापासून हा कोणीही काहीही न सांगता दत्त मंदिरला उतरू लागला.